मंजुळाची भुवई

(सोनाळ्याला रामरावांच्या घरामागचं अंगण. चैत्राचं ऊन चांगलंच चढलंय. बाजेवर धोतर अंथरून त्यांच्या दोघी सुना मुंगवड्या घालताहेत. थोरल्या रुख्मिणीच्या वड्या सुबक, ओळीत. धाकट्या मंजुळाच्या मात्र, ज्याच्यावर राग आहे त्याच्या डोक्यात घातल्यासारख्या.)

मंजुळा : नाही, आज मला सांगाच जाऊबाई. माझ्या हातचं ताट सरकवून हे उठले, आन तुमच्या हातचं खाल्लं. काल पाडव्याच्या भरल्या पंगतीत! माझा सख्खा भाऊ बसला होता समोर.

रुख्मिणी : हळू बोल व. मामंजी ओसरीवर आहेत.

मंजुळा : ऐकलं तर ऐकलं. दोनच्या मोटारीनं जायचंच हाये मला. पुंजाजी दादा पारावर वाट बघत बसलाय. गाठोडं बांधून ठेवलंय मी.

रुख्मिणी : मंग वड्या कायले घालून राह्यली?

मंजुळा : डाळ मी भिजवली, मी वाटली. वाया कशाला घालू? मी गेल्यावर खा दोघं मिळून.

रुख्मिणी : दोघं म्हंजे कोण?

मंजुळा : तुम्हाला ठाऊक हाये कोण.

रुख्मिणी : जीभ आवर मंजुळा. धनी जाऊन सहा सालं झाली माहे. आजवर गावानं बोट नाही दाखवलं मले.

मंजुळा : म्हणूनच इतके दिस गप होते. विधवा बाईवर आळ घेऊ नये म्हणते माझी आई. पण कानानं ऐकलेलं कुठं टाकू?

रुख्मिणी : काय ऐकलं तू?

मंजुळा : पोळ्याच्या आदल्या दिवशी, गोठ्यामागं. तुम्ही यांना म्हणत होत्या, "भावजी, मी आज खुश आहो." आन परवा विहिरीवर काय? "मी तुमच्यावर रागावली नाही, माह्या मनात तुमच्यासाठी काही वाईट नाही." अशी बोलते का बाई परपुरुषाशी? अवो, लग्नाच्या नवऱ्याशी मी नाही बोलले कधी असं!

रुख्मिणी : नाही बोलली, हेच तं.

मंजुळा : काय हेच तं?

रुख्मिणी : काही नाही. पीठ पातळ झालं तुयं. पसरून राह्यल्या वड्या.

मंजुळा : पिठावर नका नेऊ. माझा जीव जळतो जाऊबाई, सरळ सांगते. औषधाच्या गोळ्या तुमच्या हातच्या, पाणी तुमच्या हातचं. तुमचा आवाज आला की यांची मान वर होते. आन मी समोरून गेले की भिंतीला सरकतात, साप बघितल्यावाणी. इतकी वाईट हाये का मी दिसायला?

रुख्मिणी : तू लाखात एक. माह्याकडे पाह्य, तोंडभर देवीचे वण, आन समोरचा दात पडलेला.

मंजुळा : तेच तर! तुम्ही देखण्या असत्या तर मनाची समजूत तरी घातली असती.

रुख्मिणी : वा व वा! घाटावरच्या पोरी लयच तोंडाच्या फटकळ.

मंजुळा : कुठं फटकळ? तोंड उघडायचंच नाही, असं शिकवून धाडलं मला मेहकराहून. सासरी चारचौघांत नवऱ्याशी बोलायचं नाही, सासऱ्यासमोर तर नाहीच. जे सांगायचं ते डोळ्यानं. आन मला यायचं ते! महाराष्ट्र झाला त्या साली लग्न झालं आमचं. पहिलं सालभर मी नुसती भुवई उचलली, की हे पाणी मागायच्या निमित्तानं चुलीपाशी हजर. ओठ मुडपला की समजायचे, बाई रुसली. मग संग्रामपूरच्या बाजारातून रेवड्या यायच्या. दिवसाउजेडी एक शब्द बोललो नाही आम्ही, पण दिवसभर बोलतच होतो.

रुख्मिणी : ठाऊक आहे मले.

मंजुळा : मग यांना ते आवाज ऐकू यायला लागले. अंगारे झाले, सैलानीचा दर्गा झाला, नागपूरचा दवाखाना झाला. परत आले तर मला वाटलं, आवाज गेले, आता माझा माणूस मला मिळाला. तीच मी, तीच भुवई. काल ताट वाढलं आन भुवई उचलली. "अजून एक पोळी वाढू का?" एवढंच विचारलं मी. तर उठलेच हे.

रुख्मिणी : थे भुवईच नडली व तुले.

मंजुळा : म्हणजे?

रुख्मिणी : हात धू. बस इथी सावलीत. सांगतो तुले. पयले ऐकून घे, मंग काय बोलाचं थे बोल.

मंजुळा : बसले. सांगा.

रुख्मिणी : भावजीले नागपूरले ठेवलं, तवा तू माहेरी होती. तुया बाप आला, तुले घेऊन गेला. दवाखान्यात मी आन मामंजीच जावो. एक दिवस डागदरानं भावजीच्या समोर फोटू मांडले, पत्ते मांडते तसे. निस्ते चेहरे. कोणी हसते, कोणी रडते, कोणी दातओठ खाते. एक बाप्या निस्ता बसलेला, ना हसू, ना राग. डागदर म्हणे, सांगा हिंमतराव, याच्या मनात काय आहे?

मंजुळा : मग?

रुख्मिणी : थ्या निस्त्या बसलेल्या माणसाले भावजी म्हणे, "हा मले मारन." हसणारी बाई दाखवली, तं म्हणे, "हे मले हसून राह्यली." रडणारीले म्हणे, "हिले झोप आली." सालं दातओठ खाणारा तेवढा बरोबर सांगतला. मी रडली थ्या दिवशी. चांगला चौथी पास माणूस, आन चेहरा वाचता येईना.

मंजुळा : पण पहिले यायचा की! माझा यायचा.

रुख्मिणी : पयले येये. डागदर म्हणे, या बिमारीत असं होते. आवाज गोळीनं जातीन, पण हे गोष्ट लवकर नाही येत. साधं तोंड दिसलं की वाटते, याचा माह्यावर डाव आहे. म्हून घरच्यायनं चेहऱ्यावर सोडून द्यायचं नाही. मनात आहे थे तोंडानं सांगाचं. रागावले असान तं रागावलो म्हणा. नसान तं नाही म्हणा. मी तसंच करतो. खुश असली तं "खुश आहो" म्हणतो. गोठ्यामागं बी थेच, विहिरीवर बी थेच.

मंजुळा : म्हणजे काल माझी भुवई बघून...

रुख्मिणी : काय वाटलं असन, थे त्यायलेच ठाऊक. चांगलं नसन वाटलं.

मंजुळा : किती दिवस झाले डॉक्टरनं सांगून?

रुख्मिणी : दोन दिवाळ्या झाल्या.

मंजुळा : दोन दिवाळ्या! आन मला आज सांगता?

रुख्मिणी : मामंजीनं बी ऐकलं होतं. त्यायले वाटलं, असंच काही तरी डागदराचं. बाप्या माणूस कुठी मनातलं...

मंजुळा : मामंजींचं नाही विचारत मी. तुमचं विचारते. माझ्याशी काहून नाही बोलल्या तुम्ही?

रुख्मिणी : मले तुया हेवा वाटे.

मंजुळा : माझा?

रुख्मिणी : मंग कोणाचा? तू आली तवा मी चुलीपाशी बसून सारं पाहो. तुयी भुवई, भावजीचं पाणी, रेवड्या. तुले वाटे कोणाले दिसत नाही. माह्या धन्यानं मले तसं एक डाव बी पाह्यलं नाही व. वाईट नव्हता माणूस, पण पाह्यलं नाही. थो गेल्यावर तं या घरात मले कोणी हाकच मारे ना. "भाकरी झाली का", "झाडलं का", एवढंच. आन नागपूरहून आलो, तं दिवसातून धा खेपा "वहिनी, वहिनी". मले शोधत कोणी तरी येये! मी म्हणो, मंजुळाले उद्या सांगू. मंग परवा सांगू. सांगतलं असतं तं भावजी तुयाकडे गेले असते. मनात पाप नव्हतं मंजुळा. पण चांगलं बी नव्हतं.

मंजुळा : मी रडत होते, आन तुम्ही बघत होत्या.

रुख्मिणी : हाव. तुया चेहरा मले बरोबर समजे. सारा समजे.

मंजुळा : मग आज तरी कशाला सांगितलं? गेले असते ना मी दोनच्या मोटारीनं. मोकळं रान झालं असतं तुम्हाला.

रुख्मिणी : सकाळी तू गाठोडं बांधत होती. डोळे गळत होते तुये. भावजी दारातून पाहून आले, आन मले विचारते, "वहिनी, हे माहेरी चालली, हे खुश आहे का?"

मंजुळा : तुम्ही काय म्हणाल्या?

रुख्मिणी : "हाव" म्हटलं.

मंजुळा : जाऊबाई!

रुख्मिणी : त्यायनं लगेच खरं मानलं. म्हणे, "खुश असन तं जाऊ दे बिचारीले." साऱ्या जगात एका माह्यावर भरोसा आहे त्या माणसाचा, आन मी त्यालेच फसवलं. तवापासून या वड्या निस्त्या सवयीनं पडून राह्यल्या. थांब, भावजी येऊन राह्यले इकडे.

हिंमत : वहिनी, पुंजाजी पारावरून उठला. मोटारीची वेळ झाली म्हणते. गाठोडं मी नेऊ का?

रुख्मिणी : मले नका विचारू भावजी. तिले विचारा.

हिंमत : थे बोलत नाही. निस्तं पाहते.

मंजुळा : जाऊबाई, मामंजी बसलेत तिकडं...

रुख्मिणी : आताच तं म्हणत होती, ऐकलं तं ऐकलं.

हिंमत : पाहा वहिनी, रागावली थे. मी जातो.

मंजुळा : थांबा!

हिंमत : मले म्हटलं?

मंजुळा : तुम्हालाच. मी रागावले नाही. मला भ्या वाटतंय. हे भ्यालेलं तोंड हाये माझं.

हिंमत : तुले भ्या? कोणाचं?

मंजुळा : तुम्ही "जा" म्हणाल याचं.

हिंमत : पण तू तं खुश आहेस. वहिनीनं सांगतलं.

रुख्मिणी : मी खोटं बोलली भावजी.

हिंमत : तुम्ही?

रुख्मिणी : हाव. हे एवढंच खोटं बोलली. बाकी सारं खरं सांगतलं तुमाले.

हिंमत : ...बरं. मंग काल? काल तुयी भुवई वर गेली. मले वाटलं, तू पोळीत काही घातलं. आन पाहून राह्यली, हा खाते का नाही.

मंजुळा : अवो, अजून एक वाढू का, असं विचारत होते मी!

हिंमत : पोळी?

मंजुळा : पोळी.

हिंमत : मले पाह्यजे होती.

मंजुळा : मग मागायची ना! नाही, नाही, मीच विचारायचं होतं. तोंडानं. आन अजून एक सांगते, मामंजी ऐकत असले तरी सांगते. मला जाऊबाईंचा हेवा वाटतो. लई वाटतो. तुम्ही "वहिनी" म्हणून हाक मारली की जास्तच वाटतो.

हिंमत : आता बी?

मंजुळा : आताबी.

हिंमत : हा हेव्याचा चेहरा आहे?

मंजुळा : व्हय.

हिंमत : मले वाटे, मी कवा मरतो याची तू वाट पाहून राह्यली. रोज वाटे.

मंजुळा : अवो, तुम्ही एकदा तरी चुलीपाशी याल याची वाट बघत होते मी. रोज.

हिंमत : बाबा खोकलले ओसरीवर.

मंजुळा : खोकलू द्या.

हिंमत : तू बोलत राह्यशीन का अशी?

मंजुळा : बोलेन. तुम्हाला कंटाळा येईस्तोवर बोलेन. पण तुम्हीबी विचारायचं. सरकायचं नाही भिंतीला.

हिंमत : विचारीन. आता काय आहे तुया तोंडावर? थे ओलं झालं.

मंजुळा : रडतेय. पण बरं वाटतंय म्हणून. हे दोन्ही एकदमबी असतं, काय करता!

हिंमत : हे लय कठीण आहे.

मंजुळा : मलाबी कठीणच हाये.

रुख्मिणी : मी पुंजाजीले सांगून येतो, मोटार जाऊ दे म्हून. सांगू ना व?

मंजुळा : सांगा. आन दादाला म्हणा, जेवून जा.

हिंमत : वहिनी गेली.

मंजुळा : येतील की आता. पारावर तर गेल्या.

हिंमत : थे नाही म्हणत मी. जाताना रोज सांगते मले. खुश आहो, नाही तं दमली, नाही तं पाय दुखते. आज काही नाही सांगतलं. तू पाह्यलं ना तिचं तोंड?

मंजुळा : पाहिलं.

हिंमत : काय होतं?

मंजुळा : जाऊ द्या ना ते.

हिंमत : तू आताच म्हटलं, बोलशीन म्हून.

मंजुळा : त्यांनाबी रडू येत होतं.

हिंमत : बरं वाटून?

मंजुळा : नाही. आपण दोघं बोलत होतो, ते बघून. मला वाटत होतं ना, तेच आता त्यांना वाटतंय.

हिंमत : हेवा? मंग थे बोलली काऊन नाही? मले तं सारं सांगते थे.

मंजुळा : तुम्ही एवढ्या वड्यांवर फडकं टाका, चिमण्या येतील. मी जाते त्यांच्यापाशी.