कुलूप काढून आजोबांना बाहेर सोडल्याबाबत

नाव वरच्या कोपऱ्यात हवालदारांनी घातलंच आहे; लोक मला भिंगरी म्हणतात. वय तेवीस. धंदा: कुलूपवाल्याकडे उमेदवारी, आज सकाळपर्यंत तरी. राहणार थोरल्या बहिणीकडे, जिन्याखालची खोली.

मी ठाण्यात समक्ष हजर होऊन, आणि हवालदारांचं मनगट दुखत असल्याने माझ्याच हाताने, लिहून देतो की,

मला काम नव्हतं. म्हणजे कामं पुष्कळ केली. रंगारी झालो, ट्रकवर क्लीनर झालो, सर्कशीचे तंबू ठोकले. तंबूचा दोर ओला असला की (हवालदार म्हणतात मुद्द्याचं लिही). ताई म्हणाली, "अर्ज कसले खरडतोस? तुझ्या एवढ्या ओळखी आहेत, तोंडाने सांग की लोकांना." ओळखी गावभर आहेत हे खरं, पण एका जागी मी महिनाभरच टिकतो, त्यापलीकडे मला कोणीच ओळखत नाही. तरी फुलवालीपासून बस डेपोच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं. वॉचमन म्हणाला, "इथे मलाच कोणी विचारत नाही, तुझं काय घेऊन बसलास?"

शेवटी आमच्या न्हाव्याने शब्द टाकला. कुलूपवाले काका दाढीला येतात त्या दिवशी त्याने मला शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि दोघांच्या तोंडाला साबण फासून ठेवला, कोणाला उठून जाता येऊ नये म्हणून. म्हणाला, "पोराचा हात स्थिर आहे. पाय तेवढे नाहीत." काका म्हणाले, "हात मला दे. पायांना मी कुलूप लावतो." असा मी कामाला लागलो. काकांचा नियम एकच: घरमालक समोर उभा असल्याशिवाय पिशवीतून हत्यार काढायचं नाही.

आज सकाळी दहाच्या सुमारास काकांनी मला चौकापलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पुढे पाठवलं. गिऱ्हाईक आणि ते मागून येणार होते. मी नुसतं थांबायचं होतं. थांबणं मला जमत नाही. समोरच्या दाराआडून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "कोणी आहे का? उघडा हो. कामाला उशीर होतोय." दाराला बाहेरून कुलूप होतं. मी विचारलं, "आजोबा, कोंडलं कोणी?" ते म्हणाले, "लेकीने. विसरते ती." मी कुलूप काढलं. आजोबा बाहेर आले. शर्ट इस्त्रीचा, पायात काही नाही. "शाब्बास," म्हणाले. कुलूप जुन्या बनावटीचं होतं, आत पितळी पट्ट्या. तसं मी आधी पाहिलं नव्हतं. ते निरखत बसलो. मान वर केली तेव्हा जिना रिकामा होता.

तेवढ्यात त्यांची मुलगी, म्हणजे तक्रारदार बाई, औषधं घेऊन वर आल्या. त्यांचं कुलूप माझ्या हातात. "आप्पा कुठेत?" एवढंच त्या बोलल्या. आजोबांना आठवत नाही, बाहेर पडले की घर सापडत नाही, हे मला तेव्हा कळलं. मागोमाग काका आले. त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. कुलूपवाल्याच्या माणसावर घरफोडीची तक्रार लागली, की पुढे त्याला कोणी दारात उभं करत नाही.

मी पळालो असं तक्रारीत आहे. पळालो हे बरोबर, पण शोधायला. काम मागायला ज्यांच्याकडे गेलो होतो, त्या सगळ्यांकडे पुन्हा गेलो. फुलवाली म्हणाली, "अजून नाही लागलं का रे कुठे?" मी म्हटलं, "मावशी, काम मरू दे. म्हातारे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, अनवाणी." या वेळी स्वतःसाठी काही मागायचं नव्हतं, त्यामुळे जीभ अडखळली नाही. तिने पेपरवाल्याला सांगितलं, त्याने न्हाव्याला, न्हाव्याने खुर्चीतल्या गिऱ्हाइकांना. तासाभरात डेपोच्या वॉचमनचा फोन आला, "तुझा माणूस इथे आहे."

आजोबा उभ्या बसमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते. पूर्वी ते याच डेपोत गाडी चालवायचे, असं बाईंनी नंतर सांगितलं. मी जवळ गेलो तसे हळूच म्हणाले, "इथे आता मला कोणी ओळखत नाही. पुन्हा कामाला लागायचंय. तुझी आहे का कुणाशी ओळख?"

वॉचमन म्हणाला, "आहे तर. हा सगळ्यांना ओळखतो."

मी म्हटलं, "टाकतो शब्द, आजोबा." मग ते खाली उतरले.

मी काकांना फोन केला, तशा बाई त्यांच्या स्कूटरवरून आल्या. आधी त्यांनी आजोबांच्या पायात चपला घातल्या, मग मला बोलल्या. ते इथे लिहीत नाही. वॉचमन म्हणाला, "ताई, दुपारी गाड्या उभ्याच असतात. आणत जा यांना, बसू देत." बाईंनी हो म्हटलं नाही, पण दुपारी कितीला, ते विचारलं.

ठाण्यात येऊन त्यांनी तक्रार मागे घेतली. हवालदारांनी काकांना विचारलं, हा तुमचा माणूस का? काका म्हणाले, "माझाच. काही दिवस हत्याराला शिवायचं नाही, दुकान झाडायचं. पण माझाच."

हा जबाब मी लिहिला, हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला. घडलं ते असंच. काका बाहेर स्कूटर चालू ठेवून थांबलेत, म्हणून सही जरा तिरकी आली आहे.