मुंग्यांचा खडू

आमच्या मालकांचं माझ्याकडं लई लक्ष, बरं का! मंचरला माझं थायरॉईड काढायचं ठरलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "त्याच्यामागं तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात. त्या जपूच, पण दुखावल्या तर कॅल्शियम उतरतं. ओठाला मुंग्या आल्या की लगेच सांगा." मालक तेव्हा फोनवर विहिरीची मोटार चालू करायला सांगत होते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, तेही मालकांनाच, "मुंग्या आल्या का?"

"एक न्हाई! कॉटच्या चारी पायांना खडू मारलाय."

माझे ओठ सकाळपासून झिणझिणत होते, आवाज फुटत नव्हता. आखडलेल्या बोटांचा हात मी कसाबसा वर केला.

"बघा, तुमाला टाटा करतीय!"

दारापर्यंत गेलेल्या डॉक्टरांनी धावत येऊन कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. दुखावलेल्या ग्रंथी चार दिवसांत शुद्धीवर आल्या. मालक कधी शुद्धीवर येतात, त्याची मी अजून वाट बघतीय.