आजोबांची दमणूक

जागृती : म्हणजे बाबांना डायलिसिसला तू नेणार नाहीस, कारण तुझे आजोबा मिठागरात राबले? नीट सांग, आत्यांनाही कळू दे.

धनेश : वाकडं बोलायचं असेल तर राहू दे. आत्या, एपिजेनेटिक्स म्हणतात त्याला. माणसाने जे सोसलं त्याच्या खुणा पेशींत राहतात. पोरांना जातात, नातवंडांना जातात. मला उठल्या उठल्या जे दमल्यासारखं होतं ना, ते माझं नाहीच. आजोबांचं आहे.

लक्ष्मी : वा रे बाला! मिठाची टोपली माझ्या बापाच्या डोक्यावर आणि मान दुखते तुझी.

धनेश : हस तू. उंदरांवर प्रयोग झालाय. एक वास द्यायचा आणि शॉक द्यायचा. पुढे त्या उंदरांची पिल्लं नुसत्या वासाने दचकायला लागली. त्यांना कोणी शॉक दिलाच नव्हता.

लक्ष्मी : आणि मग ती अकरा वाजेपर्यंत सोफ्यावर लोळत पडली काय?

जागृती : आत्या, प्रयोग खरा आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, वाचलंय मी. माणसांत हे किती होतं ते अजून नक्की नाही. आणि अशा खुणा बदलूही शकतात. हा ज्या व्हिडिओवरून बोलतोय, त्यात तो भाग आला तेव्हा ह्याला झोप लागली असेल.

धनेश : लेक्चर नको देऊस.

लक्ष्मी : थांब गं. मला सांग धनेश, बापाचं आधी पोरांत उतरणार ना? मग पहिला नंबर माझा आणि तुझ्या बापाचा. अकराव्या वर्षी तो त्या चिखलात उतरला, मी त्याच्याही आधी. पायाच्या भेगांत मीठ गेलं की रडायचो, आणि रडत रडतच टोपली उचलायचो. आमच्यात काय नाय उतरलं? जमीन बिल्डरला गेली, टॉवर झाला, लिफ्ट आली आणि मग खानदान दमलं!

धनेश : तुला सगळी मस्करीच वाटते.

लक्ष्मी : मस्करी? हा गुडघा बघ. परवा खोपटला, डायलिसिसच्या दवाखान्यापाशी, तुझ्या बापाला रिक्षातून उतरवताना दोघं पडलो. चौऱ्याहत्तरची मी, सत्तरचा तो. रिक्षावाल्याने उचललं आम्हाला. परका माणूस! त्याचा आजा काय पालखीत फिरत व्हता?

जागृती : आज दोनची वेळ आहे. मला शाळा, आत्यांना पाय टेकवत नाही. बोल, कोण नेणार?

धनेश : ड्रायव्हर ठेवू.

जागृती : ड्रायव्हर गाडी चालवेल. चार तास शेजारी कोण बसेल?

धनेश : मी बसलेलो ना पहिल्या दिवशी!

लक्ष्मी : दहा मिनिटं. मग जो गेलास तो गेलासच.

धनेश : मग काय करणार होतो? त्यांचं रक्त नळीतून बाहेर जात होतं, समोर. आणि ते माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत पाणी. आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. खाली टपरीवर जाऊन बसलो. परत वर चढवेना.

जागृती : आठ महिन्यांत हे एकदाही बोलला नाहीस.

धनेश : काय बोलू? घाबरलो म्हणून सांगू?

लक्ष्मी : तेच सांगायचं होतंस. एवढ्या एका शब्दासाठी माझ्या मेलेल्या बापाला कामाला लावलंस? जिवंतपणी काय कमी राबला व्हता तो?

(आतल्या खोलीत काठीचा आवाज.)

जागृती : बाबा उठले.

लक्ष्मी : बारापासनं शर्ट घालून बसलाय. त्याला वाटतं, मीच येणार.

धनेश : आत्या, आजही पळालो तर?

लक्ष्मी : तर मग परत वर चढ. जिने तेवढेच आहेत. आणि भ्यायचं म्हणशील तर तो पण भितो. सुई लावताना दर वेळी माझा पदर मुठीत धरतो, तुझा बाप.

धनेश : बाबा?

लक्ष्मी : मग? तुला काय वाटलं, त्याला ते आवडतं?

धनेश : जागृती, गाडीची चावी कुठाय?

जागृती : दाराजवळ.

लक्ष्मी : आणि धनेश, त्याला उठवताना डावा हात धरू नकोस. सुया तिकडं लावतात.