बाजूच्या सीटवरचा ब्रेक

…आणि उशी कोणी धरायची? मी. फाइल कोणी धरायची? मी. काठी, पाण्याची बाटली, बर्फाची पिशवी, एक्स-रेचं ते भलंमोठं पाकीट, जे कसंही धरलं तरी पुढच्याच्या मानेला टोचतंच... सगळं मी! का, तर मी मागे बसते आणि मला बोलता येत नाही. म्हणजे येतं हो, पण घरात तसा समज आहे. तुम्हाला सांगते, न बोलणाऱ्या माणसाच्या मांडीवर लोक वाट्टेल ते आणून ठेवतात. पण माझं सोडा. न बोलण्याची खरी शिक्षा त्या दिवशी कोणाला झाली असेल, तर ती आमच्या आजोबांना.

आजोबांचा उजवा गुडघा बदलला. डॉक्टर म्हणतात, नवा सांधा बसवला. आजोबा फोनवर सांगतात, "पार्ट बदललाय. इंजिन जुनंच आहे, चालू आहे." कारण आजोबांनी छत्तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी बघितली आहे ना तुम्ही? तिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा भिंतीकडे निघाला, की बाजूचा माणूस तो दाबतो आणि भिंत वाचते. अशा किती भिंती आजोबांनी वाचवल्या असतील! लोक त्यांना ब्रेकमास्तरच म्हणतात.

आणि त्यांची पास करायची एक पद्धत होती. कागदावरची परीक्षा ती वेगळी, ती सरकारची. आजोबांची परीक्षा पायाची. ज्या फेरीत त्यांचा पाय एकदाही ब्रेककडे गेला नाही, ती फेरी पास. मग ते समोरच्या डॅशबोर्डवर बोटानं दोनदा टकटक वाजवायचे आणि म्हणायचे, "झालं. उद्यापासून येऊ नकोस." बस्स. लोक ते ऐकून रडायचे म्हणे.

ती टकटक आमच्या घरात कोणाला मिळाली नाही. बाबांना गाडी येत नाही... त्यांनाही आजोबांनीच शिकवली होती. आणि आई? आई चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते, केसाएवढा फरक तिला नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तिनं लग्नानंतर हौसेनं आजोबांकडे शिकायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी चौकात आजोबांनी ब्रेक दाबला, गाडी बंद केली आणि शांतपणे म्हणाले, "सूनबाई, तुझी नजर फार चांगली आहे. भिंगांपुरती."

आई गाडीतून उतरली. दुसऱ्या स्कूलमध्ये गेली, महिन्याभरात शिकली, गाडी घेऊन दारात उभी राहिली. त्याला आता बारा वर्षं झाली. बारा वर्षांत आजोबा तिच्या गाडीत एकदाही बसले नाहीत! लग्नाला जायचं, आजोबा बसनं. दवाखान्यात जायचं, आजोबा चालत. "मला फिरायला आवडतं," म्हणे. दुखऱ्या गुडघ्यानं!

तर सहा आठवड्यांनी तपासणी. दवाखाना दोन तासांवरच्या गावात. आजोबांचा सगळा जीव त्या तपासणीत अडकलेला, कारण डॉक्टर त्या दिवशी सांगणार होते, की आजोबांनी पुन्हा गाडी चालवायची की नाही. सकाळ-संध्याकाळ एकच, "गाडी नसेल तर मी करायचं काय? खिडकीत बसून पडद्याच्या कड्या मोजायच्या?" पण तिथवर जाणार कसं? नव्या सांध्यानं बसमध्ये चढता येत नाही. राहिली कोण?

आई म्हणाली, "अप्पा, मी नेते. पण एक अट आहे. माझ्या चालवण्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. एक जरी शब्द आला, तर पुढच्या वेळी रुग्णवाहिका सांगेन, आडवे होऊन जा."

आजोबा छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी? मी कधी काही बोललोय का?"

आता गुडघा बदललेला माणूस गाडीत बसतो कसा, ते बघायला पाहिजे तुम्ही. आपल्यासारखं पाय आत टाकून बसायचं नाही. आधी सीट पार मागे ढकलायची. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरायची. गाडीकडे पाठ करायची, हळूच बूड टेकायचं, आणि मग दोन्ही पाय उचलून भोवऱ्यासारखं आत फिरायचं. पिशवीवरून माणूस सुर्रकन सरकतो. आजोबा जरा जास्तच सरकले, थेट आईच्या खांद्यापर्यंत. आई म्हणाली, "अप्पा, गाडी मी चालवणार आहे." आजोबा म्हणाले, "मी काही बोललो का?"

निघालो. फाटकाबाहेर पहिला गतिरोधक. आणि मी मागून बघितलं... आजोबांचा उजवा पाय, तोच हो, नवा, उचलला गेला आणि धप्पकन खाली दाबला गेला. तिथं काय होतं? पायपुसणं! पण छत्तीस वर्षांची सवय, सहा आठवड्यांच्या सांध्याला काय दाद देते? वळण आलं, धप्प. सायकलवाला आला, धप्प. लांब, अगदी लांब, अजून ठिपक्याएवढी दिसणारी एक म्हैस आली, धप्प धप्प धप्प!

"अप्पा!"

"मी काही बोललो का?"

बोलले नाहीत, खरं आहे. पण न बोलता माणूस किती बोलतो! दात आवळून "स्स्स" करायचं. दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरून लोंबकळायचं. आईनं गिअर बदलला, की डोळे मिटून घ्यायचे, जणू कोणी त्यांनाच टाका घालतंय. समोरच्या ट्रकला आई मागे टाकायला निघाली, तर यांनी काचेतून त्या ट्रकवाल्याकडे बघून हात जोडले. आईचे कान लाल. मी एक्स-रेच्या पाकिटामागे तोंड लपवलं, कारण मला हसू यायला लागलं की थांबत नाही, आणि त्या गाडीत हसण्याची हिंमत कोणात होती?

फिजिओथेरपीच्या ताईंनी बजावलं होतं, दर पाऊण तासानं उतरायचं, पाच मिनिटं चालायचं, नाहीतर पाय आखडतो. घरी त्या बिचाऱ्या म्हणायच्या, "आजोबा, पंजा पुढे दाबा, फक्त वीस वेळा." आजोबा म्हणायचे, "बाई, माझ्याच्यानं होत नाही, जीव जातो." आणि इथं? मी मोजत होते. पेट्रोल पंप येईपर्यंत दोनशे अकरा!

पंपावर आजोबा काठी टेकत चालायला लागले. तोच पंपावरचा माणूस पाइप तसाच टाकून धावत आला. "मास्तर! ओळखलंत का? तुम्ही मला तीन वेळा घरी पाठवलं होतंत! चौथ्यांदा वाजवलंत, टकटक!" मग त्यानं गाडीकडे बघितलं. स्टिअरिंगवर आई. बाजूच्या सीटवर पिशवी, म्हणजे मास्तरांची जागा. त्याचा चेहरा एकदम मायाळू झाला. खिडकीशी वाकून आईला म्हणाला, "घाबरू नका हं ताई. पहिले काही दिवस सगळ्यांनाच जड जातं."

बारा वर्षं गाडी चालवणारी माझी आई!

तिनं सावकाश मान वळवून आजोबांकडे बघितलं. आजोबा आभाळाकडे बघत होते. "मी," ते म्हणाले, "काही बोललो का?"

पुढचा रस्ता कसा गेला ते विचारू नका. आई इतकी गप्प, की इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती. आणि गाव जवळ आलं तेव्हा एका शाळेसमोर, उभ्या टेम्पोच्या आडून एक बाई हातगाडी ढकलत एकदम रस्त्यात आली. आजोबांचा पाय पडला, धप्प! आणि गाडी थांबली.

जागच्या जागी. हिसका नाही, आवाज नाही. माझ्या मांडीवरची बाटलीसुद्धा कलंडली नाही. बाईनं हात वर केला आणि हातगाडी ढकलत निघून गेली.

आजोबा खाली, आपल्या पायाकडे बघत होते. मी शपथ घेऊन सांगते, क्षणभर त्यांना वाटलं, गाडी त्यांनीच थांबवली. मग त्यांनी हळूच नजर वळवून आईच्या पायाकडे बघितलं. तो ब्रेकवर होता. तिनं त्याच क्षणी दाबला होता, न बघता, न दचकता. आजोबांनी तोंड उघडलं. आईचा हात स्टिअरिंगवर घट्ट झाला. आजोबांनी तोंड मिटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी टाक्यांची खूण बघितली, मोजपट्टी लावून गुडघा किती वाकतो ते मोजलं, खूश झाले. म्हणाले, "आता पायानं माझा हात दाबा बघू, जोर लावून." डॉक्टर बसले होते चाकाच्या स्टुलावर. आजोबांनी दाबला... आणि डॉक्टर स्टुलासकट मागे भिंतीपर्यंत गेले! तिथून म्हणाले, "ताकद उत्तम आहे." आजोबांचा चेहरा असा फुलला! त्यांना वाटलं, झालं, मिळाली गाडी.

पण परत येऊन डॉक्टरांनी गुडघ्यावर बोट दाबलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. "ही सूज आजची आहे. येताना पाय मोकळा ठेवला नव्हता का? गाडीत काय करत होता तुम्ही?"

आजोबांनी आईकडे बघितलं. इतकं केविलवाणं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, भूल उतरली तेव्हासुद्धा. आईचं एक वाक्य पुरे होतं. हातगाडी, पंप, बारा वर्षं, चौक, भिंगं, सगळं एका वाक्यात फिटलं असतं.

डॉक्टर म्हणाले, "ताई, काही झालं का प्रवासात?"

आई फाइलमधले कागद सारखे करत म्हणाली, "रस्ता जरा खराब होता."

रस्ता काचेसारखा होता हो!

बाहेर आल्यावर आजोबा हळूच म्हणाले, "डॉक्टरांना सांगितलं नाहीस तू." आई म्हणाली, "मी काही बोलले का?"

पण सूज ती सूज. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी महिनाभर गाडी चालवायची नाही, आणि जाताना मागच्या सीटवर पाय लांब करून बसा. झालं! आजोबा मागे, पाय उशीवर. मी पुढे. पिशवीवर.

आजोबांच्या पायासमोर आता नुसतं दार होतं. पाच मिनिटं त्यांचा पंजा वळवळला, मासा पाण्याबाहेर काढल्यावर वळवळतो तसा. मग थांबला. मी आरशात बघत होते. आई वळली, थांबला होता. ट्रकला मागे टाकलं, थांबला होता. म्हैस आली, तीच असावी, तरी थांबला होता. आणि मग आवाज आला. घुर्रर्र... खूऽऽस्. आजोबा झोपले होते! पाऊण तासानं उतरवलं, चालवलं, पुन्हा बसवलं, पुन्हा घुर्रर्र.

दारात आईनं गाडी उलटी घेतली, दोन कुंड्यांच्या मधून, नेहमीसारखी एका दमात. इंजिन बंद केलं. आणि मग आईच्या सीटच्या पाठीवर काठीनं, अगदी हलकेच... टक. टक.

"झालं," आजोबा म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

आई समोरच बघत राहिली. किल्लीवरचा हात तसाच. मग म्हणाली, "पण तुम्ही तर झोपला होतात, अप्पा."

"छत्तीस वर्षांत," आजोबा म्हणाले, "चालत्या गाडीत माझा डोळा लागला नव्हता."

आईनं चष्मा काढला आणि ओढणीनं पुसत बसली. बराच वेळ. भिंगांची माणसं भिंगं फार पुसतात.

मग मागून आवाज आला, "पण सूनबाई, महिन्यानं पुन्हा तपासणी आहे. तू उद्यापासून यायची नाहीस, तर मला नेणार कोण?"

तर आता ते ठरलंय. गाडी आई चालवणार, आजोबा मागे झोपणार, सगळे सुखी. आणि मी? मी तेव्हापासून पुढे बसते. परवा शाळेत जाताना वळणावर एक स्कूटर आडवी आली, आणि आईनं माझ्या पायाकडे बघितलं. पायपुसण्यावर, उजवा पाय, पार टोकापर्यंत दाबलेला...

"काय गं?" आई म्हणाली.

मी काही बोलले का?