डावा डोळा झाकून

हॅलो?… हॅलो, ताई, मी बोलतोय… हो, तोच, पॉलिशवाला… ठेवू नका, ठेवू नका! अहो, ऐका तर… हो, आलाय तुमचा टेंपो. दारातच उभाय… ए, थांब रे बाबा! उचलू नकोस टेबल. ताईंशीच बोलतोय.

हां, ताई. नेऊ नका ना टेबल… दुसऱ्याला पॉलिशला द्यायचं ठरवलंत, कळलं मला. हा टेंपोवालाच म्हणाला. महिनाभर दुकानाला कुलूप बघून तुम्ही वैतागणारच… नाही, भांडायला नाही केला फोन! तुम्ही बरोबर होता… तुम्ही बरोबर होता म्हणतोय! चुलीत गेला माझा चाळीस वर्षांचा अनुभव!

हो, एक बाजू लाल, एक बाजू काळपट. त्या दिवशी तुम्ही टेबल ओढत उजेडात नेलंत, ‘काका, दिसत नाही का तुम्हाला?’ म्हणालात… अहो, मला खरंच एकच रंग दिसत होता. आईशपथ! अन् वर मीच ओरडलो, मला रंग शिकवता का म्हणून…

छे छे, तुम्ही कसली माफी मागताय? ऐका ना. जाताना तुम्ही म्हणालात, डोळे तपासून घ्या एकदा. अशा मिरच्या झोंबल्या नाकाला! दुसऱ्याच दिवशी गेलो डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे… तुम्हाला खोटं पाडायला, दुसरं काय! डोळे ठणठणीत आहेत अशी चिठ्ठीच आणून तुमच्या हातात ठेवणार होतो… मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. बाई म्हणाल्या, काका, इतके दिवस काम तरी कसं केलंत?

उजव्याचं ऑपरेशन झालं, महिना झाला. म्हणून तर कुलूप. डाव्याचं पुढच्या महिन्यात… हो, थेंब चालू आहेत. आमची ही घड्याळ लावून घालते, पाच मिनिटं इकडची तिकडे होऊ देत नाही.

आज पहिल्यांदा दुकान उघडलं. टेबलावरची चादर काढली… शी! हे मी केलं? गरम पातेल्याचा डाग घालवला, तर तिथे ठिगळ लावल्यासारखं… अहो, अर्ध्यावर रंग संपला होता. पुन्हा कालवला, मला वाटलं जुळला. आणि गंमत ऐका. डावा डोळा झाकला की अर्धं टेबल लाल, अर्धं काळपट. उजवा झाकला की कसं सगळं एकसारखं, छान!… हसा, हसा. मीही हसलो. मग रडलोही.

का म्हणजे? वर्षभर लोक येत होते, ‘मस्त झालंय हो काका’ म्हणत सामान नेत होते. परत एकही आला नाही. मी हिला म्हणायचो, माझ्या हातातली कला गेली गं, बंद करतो आता दुकान. सगळे गोड बोलून गेले, ताई. तुम्ही एकट्या भांडलात… उपकारच झाले. नाही कसे? असू दे, म्हणू द्या मला.

म्हणून पंधरा दिवस मागतोय. सगळं लाकडापर्यंत घासून काढतो, पहिल्यापासून करतो… नाही जात धूळ डोळ्यात, जाड चष्मा आणलाय. डॉक्टरीणबाईंना विचारूनच… आणि रंग तुम्ही पास करायचा. आधी फळीच्या तुकड्यावर लावून दाखवतो, तुम्ही हो म्हणाल तेव्हाच टेबलाला… तरीही नको वाटत असेल तर… तर नेऊ दे याला. माझा राग नाही.

थांब रे बाबा, ताई काय म्हणतात ते ऐकू दे.

काय?… पुन्हा सांगा. जरा मोठ्याने सांगा, ही इथे कान लावून उभी आहे…

ऐकलंस का गं? ताई म्हणतात, तुम्हीच करा… अगं, हो, मीच! आता तू कशाला डोळे पुसतेस? धर, तूच बोल त्यांच्याशी. मी टेबल आत घेतो.