माझ्या बाजूचा ब्रेक

—नाही हो डॉक्टर, शिवी नाही ती, मलाही आधी तसंच वाटलं होतं — आरसा बघा, आरसा — हायपोस्टॅटाइज! सकाळी चहा पिता पिता बायकोनं तोंडावर फेकलं. तत्त्वज्ञान शिकवते ना ती, असल्या शब्दांचा तिच्याकडे साठाच असतो. म्हणाली, ‘तू हायपोस्टॅटाइज करतोस.’ हायपो ऐकल्यावर मला वाटलं, आता ही माझी साखर तपासायला लावणार! क्लच — हळू सोडा, हळू, दाढ उपटत नाही आहात तुम्ही. गंमत बघा, तुमच्या खुर्चीत आम्ही तोंड उघडून गप्प आणि माझ्या गाडीत तुम्ही तोंड मिटून गप्प. फिटंफाट झाली.

अर्थ? सांगतो ना, तुम्ही सरळ घ्या. जी वस्तूच नाही, तिला वस्तू करून ठेवायचं — हातपाय लावायचे, घरात आणून बसवायचं. आता तुमचंच घ्या. पेशंट येतो, म्हणतो, डॉक्टर, आत ठणका बसलाय, तेवढा काढून टाका. तुम्ही आत दिवा मारता — दिसतो का ठणका? दिसते किडलेली दाढ. आणि ती का किडली? तर हे गृहस्थ रात्री दात घासत नाहीत. पण ‘ठणका बसलाय’ म्हटलं की कसं, आपण नामानिराळे! जणू तोच आपल्या पायानं चालत आला. हा शब्द वापरायचा कुठे म्हणाल, तर मुख्यतः नवऱ्यावर. मी सकाळी गॅरेजवाल्यावर वापरून पाहिला. म्हणाला, तुमच्या गाडीत बिघाड शिरलाय. मी म्हटलं, ‘हायपोस्टॅटाइज करू नकोस.’ तर म्हणतो कसा, तो पार्ट आमच्याकडे येत नाही. — सायकलवाला, सायकलवाला! ... दाबला मी, दाबला, घाबरू नका. म्हणून तर माझ्या बाजूलाही ब्रेक दिलाय.

तिनं तो शब्द फेकावा असं मी काय बोललो होतो? काही नाही हो. तिला दुसऱ्या गावच्या कॉलेजात नोकरी लागलीय, आज दुपारच्या बसनं निघणार. मी म्हटलं, स्टँडवर सोडायला आलो असतो, पण कामाचा व्याप आहे. तर म्हणते, ‘कुठाय व्याप? बोलाव त्याला, त्यालाही चहा देते.’ तिथं गप्प बसायचं की नाही? पण मी आणखी म्हटलं, आपल्यात हल्ली अंतर पडलंय. मग आला तो शब्द. म्हणाली, ‘अंतर आपलं आपण पडत नाही. मी बोलते आणि तू गप्प बसतोस, एवढंच होतं.’ आता तुम्हीच सांगा, मी गप्प बसणारा वाटतो का? ... हसू नका, समोर बघा. घरी वेगळं असतं. काय? व्याप ना — म्हणजे आज तुम्हीच. तुमच्यानंतर कोणी नाही.

तिनंच एकदा दाखवलं होतं मला. ती काही मनातलं सांगायला लागली की माझा उजवा पाय फरशीवर दाबला जातो. सवय हो — इतकी वर्षं लोकांना वाचवता वाचवता जडलेली. ह्या बाजूला क्लच-ब्रेक दिलेत, स्टिअरिंग नाही, त्यामुळे थांबवणं तेवढं येतं मला. ‘बघ, थांबवलीस मला,’ म्हणायची आणि हसायची. आज पाय दिसला तिला, पण हसली नाही. मी विचारलं, सुट्टीत तरी येशील ना, तर ती — नाही, विचारलं नाही मी. विचारायचं होतं. खूप विचारायचं होतं, डॉक्टर, कप धरून नुसता बसून राहिलो.

असो. आता सरळ चला. डावीकडे स्टँड लागतो, तिकडे नको, गर्दी असते. सरळ म्हणालो मी — इंडिकेटर कशाला लावताय? अहो डॉक्टर, डावीकडे नको! स्टिअरिंग सरळ करा, माझं ऐका, शिकवणारा मी आहे की — शाबास, वळण मात्र झकास घेतलंत. अहो, पण मी नाही म्हणत होतो ना! बाकावर कोण ... तीच ती. निळी बॅग. बघितलं नाही तिनं. चला, पुढे चला, निघून चला—

बंद पडली! भर रस्त्यात! मागचे हॉर्न मारताहेत, किल्ली फिरवा. पुन्हा फिरवा. झाली ना सुरू? मग घ्या पुढे — अहो, हलत का नाही? क्लच नीट सोडा! गाडीत काहीतरी शिरलंय खरं, गॅरेजवाला म्हणत होता ते — काय? कुठे बघताय?

माझा पाय.

...हं. माझाच.

उचलला. घ्या बाजूला, त्या खांबापाशी. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. नाही, तुम्ही बसा, मीच उतरतो. बस अजून लागलेली नाही ना? नाही. काय बोलू, काही कळत नाही हो — काहीही बोलेन. आजचा धडा संपला, डॉक्टर. आणि आरशात बघू नका आता.