कुंडीतली पऱ्हाटी

मी मूळचा अकोल्याकडचा, कापसाच्या मुलखातला. आमच्याकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. पोटासाठी बोईसरला आलो, तारापूरच्या कारखान्यात लागलो आणि चिंचणीत जनूकाकांच्या खोलीत भाड्यानं राहिलो, ते आजवर तिथंच. खोलीमागं काकांची भेंडीची वाडी. त्यांची भेंडी बाजारात सगळ्यात आधी उठते, हे कुणालाही विचारा.

काय सांगू तुम्हाला, माझ्या बायकोला, सुमनला, देवापुढं वाती गावाकडच्याच कापसाच्या लागायच्या. म्हणून मागच्या पावसाळ्यात भावाच्या शेतातली एक लहान पऱ्हाटी मातीसकट उचलून आणली. वरची पानं वाटीसारखी वळली होती, म्हटलं प्रवासानं सुकली असतील, पाणी पडलं की उलगडतील. कापसात वाढलेल्या माणसानं असं म्हणू नये, पण म्हटलं. आणि कुंडी ठेवली ती वाडीच्या कुंपणाला लागून.

पुढं काकांची भेंडी आकसायला लागली. पान उलटलं की पांढरी माशी भुरकन उडायची. काका म्हणायचे, औषध मारतो हाय, पण ऐकत नाय रे. मी कुंडीकडे बघायचं टाळायचो.

मग रोगट पानं गोळा करत एक संशोधक बाई आल्या. त्यांनी विचारलं, आसपास कापूस आहे का, भेंडी आणि कापूस एकाच कुळातले, पांढरी माशी एकाचा विषाणू दुसऱ्याला देते. काका हसले, म्हणाले, बाय, आमी खाऱ्या वाऱ्यातली माणसं, इथं कसला कापूस? मी शेजारीच उभा. गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं, खोली काकांची, वाडी काकांची. पण मी गेलो, कुंडी उचलून आणली, बाईंच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, काका, हे मी आणलं.

काकांनी वाकून पऱ्हाटीचं एक पान उलटून बघितलं. मग म्हणाले, वातींसाठी काय? म्हटलं, हो. म्हणाले, मग देवाशेजारी ठेवायची ना मेल्या, माझ्या भेंडीशेजारी कशाला?

तपासणी झाल्यावर बाईंचा फोन आला, काकांनाही ऐकू यावा म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. म्हणाल्या, एका वाडीत विषाणूची वेगवेगळी रूपं निघाली. काही झाडांत इथलाच जुना, बांधावरच्या तणातही असलेला. काही झाडांत मात्र नवाच, त्याचा एक तुकडा तुमच्या पऱ्हाटीतल्या विषाणूशी जुळतो, दुसरा इथल्याशी. दोन विषाणू एका झाडात भेटले की असं तिसरं रूप तयार होऊ शकतं. मी विचारलं, बाई, मग दोष माझा किती? त्या म्हणाल्या, ते काही तपासणीत येत नाही. काका शेजारून ओरडले, अर्धा तुझा, अर्धा माझ्या बांधाचा, फोन ठेव नि उपटायला लाग.

दोघांनी मिळून रोगट झाडं उपटून जाळली, बांधावरचं तण जाळलं, शेवटी पऱ्हाटीही आगीत टाकली, सुमनच्या देखत.

आता नवी भेंडी उभी आहे. पाळीला जाण्याआधी रोज सकाळी पानं उलटून मीच बघतो, ते काम काका दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. पीक चांगलं येणार, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. सुमन बाजारच्या कापसाच्या वाती वळते, देव काही रुसला नाही. पहिली वात काकांच्या वाडीसाठी लावते, आमचं मागणं त्यानंतर.